मागच्या खोलीची हवा

दोरीला आणखी एक वेढा देऊन तिनं गाठ आवळली आणि खात्रीसाठी दांडा हलवून पाहिला. हलला नाही. माळ्यावर ओणवं बसायलाही धड जागा नव्हती. एसीचे चंदेरी वेष्टनातले जाडजूड डक्ट सगळीकडे पसरलेले, आणि एकेका खोलीकडे एकेक फाटा गेलेला. प्रत्येक फाट्यात आत एक झडप, बाहेर तिचा दांडा. डक्टच्या दिशेनं ठेवला की हवा चालू, आडवा केला की बंद. तिनं बांधलेला दांडा आडवा होता, आणि तो फाटा नवऱ्याच्या कामाच्या खोलीकडे जात होता.

डोक्यावर, गच्चीत, पाणी पडल्याचा आवाज येत होता. नवरा एसीचं बाहेरचं युनिट धूत होता. दर रविवारी धुवायचा.

ती शिडीवरून उतरली, हाताची धूळ झटकली आणि त्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तेवढ्यात वरून हाक आली.

"बघ गं, येतेय का हवा?"

तिनं जाळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही हो!"

"थोडीसुद्धा?"

"काडीचीही नाही!"

वर पाणी पुन्हा सुरू झालं. टळटळीत ऊन होतं, आणि त्या उन्हात तो पाइप धरून उभा होता. हे 'नाही' म्हणताना तिला जे सुख व्हायचं ते, खोटं कशाला बोला, गेल्या वर्षभरात दुसऱ्या कशानंच झालं नव्हतं. सूड म्हणतात तो हाच. ज्याला नावं ठेवायची असतील त्यानं खुशाल ठेवावीत.

मागच्या उन्हाळ्यात तिची आई राहायला आली होती. कधी नव्हे ती. मुलाचं घर सोडून लेकीकडे राहणं आईला अवघड वाटायचं, पण त्या वर्षी हिनं हट्टच धरला. मागची खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला, नवे पडदे शिवले. "भावाकडे पंख्याखाली उकडून निघतेस, माझ्याकडे गारव्यात राहा," असं चार लोकांत सांगून आईला आणली. आणि आठवड्याभरातच त्या खोलीतली हवा बंद पडली. बाकीचं घर गारेगार, आईची खोली तेवढी भट्टी.

"मेकॅनिकला बोलवा," ती म्हणाली.

"बघतो मी," नवरा म्हणाला.

त्याचं हे 'बघतो मी' म्हणजे दगडावरची रेघ. रविवार आला की शिडी, पाइप, ब्रश, फिल्टर. तास दोन तास खटपट करून खाली यायचा आणि हवा ढिम्म यायची नाही. ती तोंडाला येईल ते बोलायची. कंजूष म्हणाली, अडाणी म्हणाली, माझ्या आईची किंमत नाही तुम्हाला असंही म्हणाली. तो टॉवेलनं मान पुसत ऐकून घ्यायचा. शेवटी उन्हाळा सरायच्या आतच आईनं बॅग भरली. दारात चपला घालताना एवढंच म्हणाली, "जावईबापूंना उगाच त्रास नको माझ्यापायी." भावाकडे गेली, आणि पुढच्याच महिन्यात तिथं झोपेतच गेली.

माणूस गेल्यावर रडायला चार जण असतात. नंतर जो राग उरतो तो ज्याचा त्यालाच गिळावा लागतो. तिला नवऱ्याकडून फार काही नको होतं. 'माझं चुकलं, तेव्हाच मेकॅनिकला बोलवायला हवं होतं,' एवढं एक वाक्य त्यानं तोंडानं म्हणावं. पावसाळा गेला, थंडी गेली. हा बाबा मिठाची गुळणी धरून बसलेला.

मग यंदा उन्हाची तलखी सुरू झाली तशी ती रजया ठेवायला माळ्यावर चढली आणि ते दांडे तिला दिसले. एक फिरवून पाहिला. खाली येऊन जाळीपुढे हात धरला तर त्या खोलीतली हवा बंद. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, तिला तर छपराखालीच दिलं होतं.

तेव्हापासून नवऱ्याच्या खोलीचे हाल कुत्रा खाईना. तो घरांचे नकाशे काढायचा. लोकांच्या घरात वारा कुठून येईल, कुठून जाईल, हे रेघा मारून समजावणारा माणूस स्वतः मात्र बनियनवर बसून काम करत होता. घामाचे थेंब कागदावर पडू नयेत म्हणून मनगटाला रुमाल बांधायचा. गिऱ्हाइकं यायची, कपाळ पुसत नकाशा बघायची आणि चहाही न घेता उठायची. ती दारातून हे सगळं बघायची. तिचं दुपारचं वाचन छान गारव्यात चालायचं.

एका रविवारी त्याची मोठी बहीण आली. आल्या आल्या भावाच्या खोलीत टेकली आणि दोन मिनिटांत पदर हलवायला लागली.

"काय रे ही भट्टी! मेकॅनिकला का बोलवत नाहीस?"

"फिल्टर धुवायला आणि जाळी साफ करायला माणूस कशाला लागतो, ताई? आपलं मशीन आपल्याला नको कळायला?"

"अरे, म्हणून सगळंच घरी करायचं? उद्या दाढ दुखली तर ती पण घरीच उपटशील!"

"उपटतील हो ताई," ती सरबताचा ट्रे ठेवत म्हणाली. "यांना सगळं येतं. मागच्या वर्षी नाही का माझ्या आईची खोली यांनी दुरुस्त केली."

नवऱ्यानं ग्लास उचलला, बायकोकडे एकदा पाहिलं आणि सरबत संपवलं. मग रुमालानं तोंड पुसून म्हणाला,

"बोलाव मेकॅनिकला."

तिला वाटलं, ऐकण्यात काही तरी चुकलं.

"काय म्हणालात?"

"बोलाव म्हटलं. माझ्याच्यानं होत नाही."

हे ऐकायला ती वर्षभर टपून बसली होती. पण अर्ध्या भाकरीनं भूक भागत नाही. चार भिंतींत म्हटलेलं वाक्य चार माणसांत म्हटलं गेलं पाहिजे. तिनं मेकॅनिकला पुढच्या रविवारचीच वेळ दिली आणि नणंदेला आग्रहानं जेवायला बोलावलं.

त्या रविवारी सकाळी नवरा दाढी करत असताना ती माळ्यावर जाऊन दोरी सोडून आली. दांडा मात्र आडवाच ठेवला. झडप नुसती बंद सापडली पाहिजे. शेंबडं पोरही उघडेल अशी झडप, आणि या शहाण्याला अख्ख्या उन्हाळ्यात ती दिसली नाही, असं परक्या माणसानं सगळ्यांदेखत म्हणायला हवं होतं.

मेकॅनिक गडी बोलका होता. आधी गच्चीवर जाऊन आला, मग फिल्टर काढून उजेडात धरला.

"मशीन कोण धुतं हो? नव्यासारखं ठेवलंय."

"मीच," नवरा म्हणाला.

"बेस्ट. एवढं घरच्यांनी करायलाच पाहिजे. गॅसला आणि विजेच्या कामाला तेवढं आम्हाला बोलवा. नाही तर लोक यूट्यूब बघून स्क्रू खोलतात आणि मग आम्हाला रात्री फोन करतात." तो माळ्यावर चढला आणि लगेच वरून ओरडला, "अहो साहेब, मशीन ठणठणीत आहे! तुमच्या खोलीची झडपच बंद आहे!"

करकर वाजलं आणि नवऱ्याच्या खोलीतल्या जाळीतून भसकन गार हवा आली. टेबलावरचे कागद उडाले.

नणंद तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! अरे, उन्हाळाभर गच्ची धुतलीस की रे!"

"असं होय," नवरा म्हणाला. त्यानं कागद गोळा केले आणि त्यावर पट्टी ठेवली. तो लाजला नाही, चिडला नाही, त्याच्या कपाळावर आठीसुद्धा आली नाही. तिचा सगळा रंग उतरला. एवढं रांधून पाहुण्यानं ताटाकडे बघूच नये, तसं झालं.

मग तिनं शेवटचा घाव घातला.

"आलाच आहात तर मागच्या खोलीचंही बघा," ती मेकॅनिकला म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात तिथंही हवा येत नव्हती. माझी आई होती तिथं. तिथंही झडपच बंद असणार, दुसरं काय! एक दांडा फिरवायचा, तोही कुणाला जमला नाही."

"ती खोली राहू दे," नवरा म्हणाला.

"का बरं?"

"कुणी राहत नाही तिथं. राहू दे."

आता मात्र त्याचा आवाज बदलला होता. तिनं तो बरोबर ओळखला. घाबरला, तिला वाटलं. सापडला शेवटी!

"नाही, आजच बघायचं. ताईंच्या समोर बघायचं."

मेकॅनिकनं माळ्यावरूनच सांगितलं की मागच्या खोलीची झडप उघडीच आहे, तेव्हा अडलं असेल तर तोंडाशी. सगळे मागच्या खोलीत गेले. पलंग भिंतीशी होता, बरोबर जाळीच्या खाली. आईला थेट वारा लागावा म्हणून तिनंच तो तिथं सरकवून घेतला होता. मेकॅनिकनं पलंगाशेजारी स्टूल ठेवलं, चार स्क्रू काढले आणि जाळी खाली घेतली.

आत एक उशीसारखी गादी बसवलेली होती, जाळीच्या मापाची. त्यानं ती ओढून काढली आणि हवेचा झोत पलंगावर आला. गादी तिच्या हातात आली. फुलाफुलांचं कापड आईच्या जुन्या गाऊनचं होतं. कडेनं बारीक, सरळ, एकासारखे एक टाके. चारही कोपऱ्यांना बांधायला नाड्या. असे टाके तिच्या ओळखीत एकच बाई घालायची.

"अगंबाई, हे कुणी कोंबलं आत?" नणंदेनं विचारलं.

आई शिवू शकत होती, पण आईला पलंगावरून उठायलाही हाताला धरावं लागायचं. स्टुलावर चढणं, वर हात करून स्क्रू काढणं तिच्या बापजन्मी शक्य नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी लावली," तो म्हणाला.

नणंद एकदा भावाकडे, एकदा भावजयीकडे पाहत राहिली. मग ती मेकॅनिकला म्हणाली, "चला हो, तुम्ही हात धुवा, सरबत घ्या," आणि त्याला घेऊन बाहेर गेली. जाताना तिनं दार ओढून घेतलं.

"हा वारा त्यांना सोसत नव्हता," नवरा म्हणाला. "गुडघे धरून बसायच्या. मी पलंग हलवतो म्हटलं तर नको म्हणाल्या. म्हणाल्या, पोरीनं हौसेनं मांडलंय, तिला कळेल. तिला वाटेल, आईला काही केलं तरी गोड लागत नाही. मग त्यांनीच ही शिवली."

"आणि तुम्ही माझ्या शिव्या खात बसलात?"

"सांगू नका म्हणाल्या. शपथ घातली होती."

"पण ती उकाड्यानं गेली ना! माझी आई या घरातून उकडतं म्हणून गेली!"

"उकाड्यानं नाही गेल्या." तो थांबला. सांगावं की नाही, असा थांबला, आणि मग सांगितलंच. "त्या मशीनवरून दर रविवारी तू तमाशा करायचीस. भिंतीपलीकडे त्या ऐकायच्या. माझ्यावरून लेकीच्या संसारात भांडण नको, म्हणून गेल्या."

तिच्या हातातली गादी खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

"ती गेल्यावर का नाही सांगितलंत? तेव्हा कुणाची शपथ होती?"

"तेव्हा तू नुसती रडत होतीस. म्हटलं, आताच नको. यंदा मशीन सुरू केलं त्या पहिल्या रविवारी ही काढून तुला दाखवणार होतो. त्याआधी माळ्यावर झडपा बघायला गेलो, तर माझ्या खोलीचा दांडा बांधलेला."

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"पहिल्याच रविवारी?"

"हो."

"आणि तरीही उन्हाळाभर उकाड्यात बसलात? उन्हात उभे राहून ते धुतलंत?"

"बसलो. रागच आला होता तसा. म्हटलं, हिनं एकदा येऊन विचारू दे, त्या खोलीत खरं काय झालं होतं. विचारलं की सांगायचं. नाही विचारलं तर नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. नकाशावरची मापं सांगतो तसा सांगत होता. "तू दोरी आवळायला दर आठवड्याला वर जात होतीस. विचारायला एकदाही आली नाहीस. आज विचारलंस ते ताईच्या समोर."

बाहेरून नणंदेचा आवाज आला. मेकॅनिक निघाला होता.

"जाळी लावून घ्यायला पाहिजे," नवरा म्हणाला आणि त्याला थांबवायला बाहेर गेला.

ती पलंगावर बसली. हवा वरून सरळ खाली येत होती आणि तिच्या मांडीवर, पायांवर पडत होती. तिचे गुडघे दुखत नव्हते. तरी तिनं ते दोन्ही हातांनी धरले.