लपवलेलं पिल्लू

बुओना व्हिस्टा भागातल्या एका कॉन्डो-फ्लॅटमध्ये राहणाऱ्या शैलेंद्र देवस्थळीच्या हॉलमध्ये, काचेच्या पेटीत, अजगराचं एक पिल्लू होतं. सिंगापूरमध्ये साप पाळायला बंदी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्याने ते चोरून मिळवलं होतं. ऑफिसातली मंडळी जेवायला आली की तो ते त्यांच्या हातात द्यायचा, फोटो निघायचे, आणि त्याच्या धाडसाचं कौतुक व्हायचं.

पुढे पिल्लू खाल्लेलं ओकू लागलं. शैलेंद्र ऑफिसातून परतायचा तेव्हा पेटीत अर्धवट पचलेला, घाण सुटलेला उंदीर पडलेला असायचा. पिल्लू उपाशी राहील म्हणून तो लगेच दुसरा द्यायचा. तोही बाहेर यायचा. पिल्लाच्या पाठीचा कणा वर दिसू लागला. डॉक्टरला दाखवू या, असं त्याची बायको स्मिता रोज म्हणायची. पण दाखवलं तर भानगड उघडकीला येणार, कदाचित इथे नोकरी करण्याचा परवाना, एम्प्लॉयमेंट पासही जाणार, या भीतीने तो इंटरनेटवरच उपाय शोधत बसायचा.

शेवटी स्मिताने त्याला न विचारता नीलिमाला बोलावलं. नीलिमा तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. इथल्या विद्यापीठात ती सरपटणाऱ्या प्राण्यांवर संशोधन करत होती. तिने पेटीला हात लावला तर काच गारठलेली. हॉलचा एसी सतत चालू असायचा. सापाला बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटातलं अन्न पचत नाही, सडतं, असं तिने समजावलं. खाल्ल्यावर त्याला हाताळायचं नसतं, आणि ओकल्यावर लगेच भरवलं तर सोलवटलेला घसा आणखी बिघडतो, हेही सांगितलं.

शैलेंद्रने आवाज खाली आणला. "काहीतरी औषध सांग ना. पण हे बाहेर कुठे जायला नको."

"याला ऊब हवी, निवांतपणा हवा आणि डॉक्टर हवा," नीलिमा म्हणाली. "तुझा पास वाचावा म्हणून हा जीव इथे मरतोय, आणि त्यात मीही सामील व्हावं म्हणतोस?"

शैलेंद्र उखडला. असे साप किती जणांकडे आहेत, आपला तर जीव आहे याच्यावर, असं तो सांगू लागला.

"जीव असता तर पहिल्यांदा ओकलं तेव्हाच तू डॉक्टरकडे गेला असतास. तुला मिरवायला काहीतरी हवं होतं. तुझ्यासारखे घेणारे आहेत म्हणूनच अशी पिल्लं पिशव्यांत कोंबून समुद्रापार आणतात. वाटेत मेलेल्यांचे फोटो कुणी काढत नाही."

तेवढ्यात पेटीतलं पिल्लू पिळवटलं. त्याने जबडा ताणून उघडला. पोटात काहीच उरलं नव्हतं. नुसतं पाणी बाहेर आलं. शैलेंद्रने आजवर फक्त ओकलेलं पाहिलं होतं, ओकताना कधीच पाहिलं नव्हतं. मग त्याने स्वतःच वन्यप्राण्यांचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाला फोन लावला, आणि तिथली माणसं पिल्लू न्यायला आल्यावर ते कुणाकडून घेतलं तेही सांगून टाकलं.

खटला झाला, दंड झाला. पासचं नूतनीकरण बरेच महिने लोंबकळत राहिलं. पिल्लू मात्र जगलं. त्या माणसांनी उबेत ठेवल्यावर हळूहळू त्याला अन्न पचू लागलं. ऑफिसातल्या एकाने शैलेंद्रला फोन करून साप कुठे मिळतो असं विचारलं, तेव्हा त्याने त्याला ओकलेल्या उंदरापासून सगळी हकीकत ऐकवली.

वाचकहो, परदेशात राहणारे आपण स्वतःला कायदा पाळणारी, शिकलेली माणसं म्हणवतो. मग आजारी पडल्यावर ज्याला उघडपणे दवाखान्यातही नेता येत नाही, असा जीव हौसेसाठी घरात कोंडायचा आपल्याला काय अधिकार आहे?