हरकत नाही

सीवूड्सला खाडीच्या बाजूला जेवढ्या सोसायट्या आहेत, तिथे राजेश्वरीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळीच्या काठाने जोडरस्ता काढायचं ठरलं, तेव्हा दारोदार फिरून लोकांना जागं केलं ते तिने. शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे बोलायची सवय आणि आवाजही खणखणीत. पुढे रहिवाशांची कृती समिती झाली. अध्यक्ष झाले तिच्याच मजल्यावरचे शहाजीराव, बँकेतून निवृत्त झालेले. पण माईक कुणाच्या हातात द्यायचा, यावर कधी चर्चाच झाली नाही.

एवढं करून वजन मात्र पडेना. रविवारी सकाळी हातात फ्लेमिंगोची चित्रं घेऊन माणसं उभी राहायची, फोटो काढायची आणि नाश्त्याला घरी जायची. अधिकारी ढुंकूनही बघत नव्हते. मग राजेश्वरीने करावे गावाची वाट धरली. तिथली मैना सोसायटीच्या गेटपाशी मासळी घेऊन बसायची. ओळख काय ती तेवढीच.

"रस्ता तुमच्या दारातला, पक्षी तुमच्या खिडकीतले," मैना हसत म्हणाली. "आमी येऊन काय करू?"

"खाडी तर तुमची आहे ना?" राजेश्वरी म्हणाली.

मैनाने मान डोलावली. मग म्हणाली, "त्ये खरं हाय. येतो आमी."

आणि आल्या. अख्ख्या गावच्या बाया आल्या, डोक्यात अबोलीचे गजरे माळून, एकमेकींचा हात धरून चिखलाच्या कडेने उभ्या राहिल्या. पेपरात फोटो छापून आला तो त्यांचाच. आठवडाभरात रस्ता बांधणाऱ्या प्राधिकरणाकडून जनसुनावणीचं बोलावणं आलं.

त्या दिवसांत राजेश्वरीचं करावेला जाणं वाढलं. जेट्टीला लागून बायांचं खळं होतं, मासळी वाळवायचं मोकळं मैदान. तिथे जवळा पसरता पसरता मैना गप्पा मारायची, मग घरी नेऊन जेवायला वाढायची. "ताई, आता तुमी आमच्याच," असंही एकदा म्हणाली होती.

सुनावणीच्या दिवशी हॉल भरला होता. समितीची माणसं पुढच्या खुर्च्यांवर, मैना आणि तिच्या बाया मागे. मोठ्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर नवा नकाशा लावला. सगळी अक्षरं इंग्रजी.

"तुमच्या भावनांचा आम्ही आदर केलाय," ते म्हणाले. "पाणथळीला हात लावणार नाही. रस्ता असा वळवून जेट्टीच्या बाजूने नेऊ. तिथे रिकामी जागा आहे."

त्यांच्या काठीचं टोक जिथे टेकलं ती जागा राजेश्वरीने लगेच ओळखली. रिकामी कसली? कालच तर ती तिथे, मैनाच्या खळ्यात, बसून आली होती.

"समितीची संमती आजच मिळाली, तर जुना आराखडा आजच रद्द करतो," अधिकारी म्हणाले. "नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून."

शहाजीराव तिच्या कानाशी वाकले. "हो म्हणून टाका. बाकीचं नंतर बघू."

पुढच्या रांगेतली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. किती महिने या लोकांना तिने उन्हात उभं केलं होतं. जिंकलो, असं म्हणायला आता एक शब्द पुरे होता. नंतर बोलता येईल, तिने स्वतःला सांगितलं. काहीतरी मार्ग निघेल.

तिने माईक घेतला. "समितीची हरकत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजेश्वरीने मागे वळून पाहिलं. नकाशातलं काही न कळताही, सगळे वाजवतात म्हणून मैनाही टाळ्या वाजवत होती. दोन्ही हात वर करून, तोंडभर हसत.

संध्याकाळी मैना दारात हजर. टोपलीत जिवंत चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे. "जिंकलो ना आपन ताई! पैसं नको, ह्ये आमच्याकडनं." राजेश्वरीच्या सासूबाई, रंगूबाई, मूळच्या पाटणच्या, चिंबोरीचं कालवण त्या मैनाकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी हौसेने रांधलं, सुनेला आग्रहाने वाढलं. राजेश्वरी भात नुसता चिवडत राहिली.

"काय गं, बरं वाटंना व्हय?"

"दमलेय," ती म्हणाली आणि ताट सारून उठली.

नंतर बोलू म्हणालेलं ते नंतर काही उजाडलं नाही. शाळेच्या परीक्षा आल्या, समितीचा सत्कार झाला. गेटपाशी मैना दिसली की राजेश्वरी फोन कानाला लावून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला लागली. भाजीसुद्धा ती आता नेरूळहून आणायची.

एक दिवस मैनाचा फोन आला. तिला धाप लागली होती. "ताई, कायतरी चूक झालीय बगा. ह्यी मानसं आमच्या खल्यात खुंट्या ठोकाय लागलीत. आयकत नाय. तुमी या, तुमचं आयकतील."

चूक झालीय. काही सबब सांगून टाळावं असं राजेश्वरीच्या मनात आलंही. पण मैनाने फोन ठेवलेला होता. रिक्षा करून ती जेट्टीवर गेली.

वाळत घातलेल्या मासळीमधून लाल फडकी बांधलेल्या खुंट्यांची ओळ गेली होती. बाया मोजणीवाल्यांना घेरून उभ्या होत्या. तिला पाहून मैनाचा चेहरा उजळला. "ह्या बगा, आल्या आमच्या ताई! बोला आता काय त्ये!"

मोजणीवाला पोरगेलासा इंजिनियर होता. त्याने राजेश्वरीला ओळखलं. "मॅडम, तुम्हीच समजवा ना यांना. तुम्हीच तर माईकवर हरकत नाही म्हणालात. मी तिथेच होतो."

मैना राजेश्वरीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात तिने विचारलं, "तुमाला म्हाईत हुतं? ही जागा म्हनून?"

"हो."

"आन मी टाल्या वाजवल्या."

राजेश्वरीला वाटलं, हिने शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं. मैनाने तसलं काही केलं नाही. ती वळली आणि बायांना म्हणाली, "चला गो, जवला उचला. तुडवतील ही."

राजेश्वरी मदतीला वाकली, तशी मैनाने तिच्या हाताखालचं सूप ओढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या मॅडम. कापडं खराब होतील."

घरी जायची तिची छाती झाली नाही. ती तडक शहाजीरावांकडे गेली. "मी होकार मागे घेतेय."

"डोकं ठिकाणावर आहे का?" शहाजीराव उसळले. "जुना रस्ता पुन्हा आपल्या बोकांडी बसेल. पक्ष्यांचं काय? एवढ्या लोकांच्या मेहनतीचं काय?"

"त्या बायांचीही मेहनत होती त्यात."

"ते तेव्हा सुचायला हवं होतं," शहाजीराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने प्राधिकरणाकडे अर्ज दिला.

तिच्या अर्जावर पुन्हा सुनावणी लागली. ती उभी राहिली तेव्हा तिचा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "ती जागा रिकामी नाही. मला त्या दिवशीही माहीत होतं," एवढंच ती कसंबसं म्हणाली. अधिकारी म्हणाले, मग दोन्ही पर्याय पुन्हा खुले. निर्णय यथावकाश कळवू. हॉलबाहेर समितीतली माणसं तिला वळसा घालून निघून गेली. मैनाही गेली.

पुढच्या रविवारी करावेच्या बाया खळ्यात धरणं धरून बसल्या. राजेश्वरीला कुणी बोलावलं नव्हतं. तरी ती गेली, सगळ्यांच्या मागे कडेला बसली. एका म्हातारीने तिला चहा दिला, नाव न विचारता.

मैना बोलायला उभी राहिली. माईक नव्हता, तिला लागतही नव्हता. "सोसायटीवाल्यानी आमाला हाताला धरून नेलं," ती म्हणाली, "आन आमालाच इकलं."

बाया माना वळवून मागे बघायला लागल्या. राजेश्वरीचे कान तापले. तिने चहाचा कप खाली ठेवला. उठून निघून जाणं सगळ्यात सोपं होतं, पण ती मान खाली घालून बसून राहिली. मैनाचं बोलणं अजून संपलं नव्हतं.