बिनमुदतीची राखण

चारुदत्त राणे माणूस वाईट नव्हता, पण त्याला गप्प बसवत नसे. दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कंपनीत तो परचेसला होता, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर बायको अनुराधा आणि सहा वर्षांची मुग्धा यांच्याबरोबर राहत होता, आणि चार माणसं जमली की हटकून आपल्या कणकवलीकडच्या गावाच्या गोष्टी काढत होता. खरं म्हणजे त्याचं सगळं बालपण गेलं परळमध्ये. गाव पाहिलं ते मे महिन्याच्या सुट्टीपुरतं. पण परदेशात राहणाऱ्याचं गाव दर वर्षी थोडं थोडं वाढत जातं, तसं त्याचंही वाढलं होतं. अनुराधा पुण्याची, ती हे सगळं हसून ऐकून घ्यायची.

२००२ च्या डिसेंबरात नॅशनल डे आणि ईद लागोपाठ आले आणि लेस्टर परेराने डोंगरात मुक्कामाला जायचा बेत काढला. लेस्टर वसईचा, दुबईतल्या एका हॉटेलात बँक्वेटचं बघायचा, आणि सुट्टी मिळाली रे मिळाली की आपली जुनी पजेरो घेऊन फुजैराकडच्या डोंगरांत पसार व्हायचा.

"चारू, मॉलमध्ये फिरून फिरून कंटाळा नाही येत तुला?" तो म्हणाला. "वाटेल तिथे गाडी लावायची, तंबू ठोकायचा. गेट नाही, तिकीट नाही, कुणी विचारायला येत नाही."

"आणि नळ? बाथरूम?" अनुराधाने विचारलं.

"पाणी आपलं आपण न्यायचं, वहिनी. बाथरूमसाठी फावडं आहे, आणि दगड तर काय, मोप आहेत."

मसाफीच्या पुढे डांबरी रस्ता सोडला आणि कोरड्या नदीच्या पात्रातून तासभर गाडी धोंड्यांवर उड्या मारत राहिली. शेवटी एका वळणावर दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले आणि मधल्या सपाटीवर बोरी-बाभळींची अशी दाटी लागली की त्या बोडक्या डोंगरांत तिला जंगलच म्हणायला हवं. माणसाची खूण कुठे नव्हती. चूल मांडलेली नव्हती, बाटलीचं बूच पडलेलं नव्हतं, बकरीची लेंडीसुद्धा नव्हती. लेस्टर खूश झाला. चारुदत्त मात्र मधल्या एका जुन्या, वाकलेल्या बोरीकडे बघत उभा राहिला. कारण थेट असंच एक झाड त्याच्या गावाच्या वेशीवर होतं.

दिवस मावळता मावळता भात आणि चिकन तयार झालं, आणि चारुदत्तच्या अंगात गाव संचारलं. नव्या जागी मुक्काम करायचा तर जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला, घास दिल्याशिवाय जेवायचं नाही, असं म्हणून त्याने कागदी प्लेटमध्ये भात-चिकन वाढलं आणि ती त्या बोरीखाली नेऊन ठेवली.

"इथला जागेवाला अरबी असणार, हबीबी," लेस्टर म्हणाला. "तुझी मालवणी त्याला काय कळणार?" पण थट्टा करता करता त्याने हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

"आता मी गाऱ्हाणं घालतो," चारुदत्त मुग्धाला म्हणाला. "मी थांबलो की तू मोठ्याने म्हणायचं, होय म्हाराजा. कळलं?"

"ओके, बाबा," मुग्धा म्हणाली. तिला हा नवाच खेळ होता.

त्याने हात जोडले आणि घसा खाकरून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या धन्या! आज ही तुझी लेकरां तुझ्या आसऱ्याक इलीत!"

"होय म्हाराजा!" मुग्धा किंचाळली आणि अनुराधाला हसू आवरेना.

हसू ऐकून चारुदत्तला आणखीच चेव आला. "ह्या मुग्धाक सांभाळ! हिच्या अंगाक काटो लागता नये! हिच्यार जो कोण हात उगारतलो, तेचो हात धर!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला आणखी एक तुकडा असतो, हे त्याला अंधूक आठवत होतं. पण तेवढ्यात वाऱ्याने तंबूची एक दोरी सुटली, कापड फडफडत चुलीवर यायला लागलं, आणि सगळे तिकडे धावले. तंबू सावरून झाला तोवर भूक इतकी लागली होती की गाऱ्हाणं तिथेच राहिलं.

सकाळी प्लेट रिकामी होती, यात नवल नव्हतं. कोल्ह्या-कुत्र्याने खाल्लं असेल. पण ती स्वच्छ धुतलेली होती, पालथी घालून ठेवलेली होती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक दगड ठेवलेला होता. आसपास दहा मैलांत पाणी नव्हतं.

"कुणी मेंढपाळ आला असेल," लेस्टर म्हणाला. सामान मात्र त्याने भराभर आवरलं.

सामान आवरून होईपर्यंत मुग्धा त्या बाभळीच्या काट्यांतून अनवाणी हुंदडली होती. अनुराधाने घरी आल्यावर तिचे तळवे उलटेपालटे करून पाहिले, तर कुठे ओरखडा नव्हता. "नशीबच म्हणायचं," ती म्हणाली आणि विसरून गेली.

पंधरा दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या तन्मयने घसरगुंडीवर मुग्धाला ढकललं. ती जागची हलली नाही. तन्मयचा हात मात्र खांद्यातून निखळला. त्याच्या आईने सांगितलं, तो सारखा एकच म्हणतोय, की मला मागून कुणीतरी ओढलं. लहान मूल घाबरून काहीही बोलतं, असं म्हणून मोठ्यांनी विषय मिटवला. चारुदत्तने तो जरा लवकरच मिटवला.

मग जानेवारीत एका संध्याकाळी मुग्धा फुग्यामागे धावत थेट रस्त्यावर गेली. एक पिकअप करकचून ब्रेक मारत वीतभर अंतरावर थांबली. अनुराधा धावली, तिने पोरीला बखोटीला धरून फुटपाथवर आणलं, आणि भीतीने कुठल्याही आईचा उठेल तसा तिचा हात उठला. उठला तो वरच राहिला. चारुदत्त चार पावलांवर होता. त्याने पाहिलं की अनुराधाचं मनगट हवेत, काहीही नसताना, हळूहळू मागे वळत चाललं आहे, वाळलेली काटकी मोडायच्या आधी वाकवावी तसं. मग आवाज आला.

"कशावर आपटलात?" क्लिनिकमधल्या डॉक्टरने एक्स-रे बघत विचारलं.

"पडले," अनुराधा म्हणाली. घरी परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि अल नहदाचा सिग्नल लागला तेव्हा एवढंच बोलली, "चारू, काय मागितलंस तू तिथे?"

सिग्नल सुटून मागचे हॉर्न वाजायला लागले तरी चारुदत्त स्टिअरिंग धरून बसला होता. 

त्यानंतर घरात एक विचित्र शिस्त आली. मुग्धाचे केस विंचरताना जरा गुंता ओढला गेला की कंगव्याचे दात तटातट तुटायचे, म्हणून अनुराधाने केस विंचरणं सोडलं. नखं कापणं सोडलं. मग न ठरवता जवळ घेणंही सोडलं, कारण मायेचा हात आणि मारायचा हात उठताना सारखाच उठतो आणि बघणाऱ्याला त्यातला फरक कळेल याची खात्री कुणी द्यावी? केसांच्या जटा झालेली ती पोर सोफ्याच्या टोकाला बसून राहायची. एकदा तिने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "आई, व्हाय डोन्ट यू टच मी एनीमोअर?" अनुराधा स्वयंपाकघरात गेली आणि सिंकचा नळ मोठा सोडून ओक्साबोक्शी रडली.

फेब्रुवारीत मुग्धाला ताप भरला. तीन दिवस झाले तरी उतरेना, तेव्हा रक्त तपासायचं ठरलं. पहिली सुई वाकली. दुसरी वाकली. तिसऱ्या वेळी इतका वेळ हसून बोलणारी नर्स ट्रे टाकून, स्वतःची बोटं मुठीत आवळून बाहेर गेली ती परत आलीच नाही. त्या दुपारी चारुदत्तने गावी केरूकाकांना फोन लावला. काका त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ. गावात गाऱ्हाणं घालायचा मान अजून त्यांचाच होता. त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

 काकांनी विचारलं, "आणि मुदत? 'उद्या सूर्य उगवलो की आमी आमच्या वाटेक आणि तू तुझ्या जाग्यार', ह्या म्हटलंस मां?"

"नाही, काका. राहून गेलं."

फोनमध्ये खरखर चालू होती. "मगे तो अजून राखणीरच आसा," काका म्हणाले. "आमच्या वेशीवरलो आमका वळाखता, चूक झाली तरी समजान घेता. थंयसरचो कोण तो? तेका आजवर कोणी हाक मारूक नाय, कोणी जेवक वाढूक नाय. तू पयलो."

"आता काय करू?"

"परत जा. दिवसाढवळ्या जा. पोरगीक वांगडा घे, तिचो हात धरून उभो रव, आणि 'आमी आमच्या वाटेक, तू तुझ्या जाग्यार', तेवढाच एक वाक्य म्हण. हात सोडू नको. सुटलो तर कोण वाटेक लागला आणि कोण जाग्यार रवला, ता कळाचा नाय. आणि चारू, एक शब्द जास्त बोलू नको हां, तुका सवय आसा."

ताप आपोआपच उतरला. पुढच्या शुक्रवारी लेस्टरने एक प्रश्न न विचारता पजेरो काढली. तीनच्या सुमाराला ते त्या वळणावर पोचले. बोरी-बाभळींची दाटी तशीच होती. जुन्या बोरीखालची जमीन मात्र कुणीतरी नीट झाडून ठेवल्यासारखी होती. हातावरच्या प्लॅस्टरमुळे अनुराधा गाडीपाशीच थांबली. लेस्टर तिच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने गळ्यातलं लॉकेट शर्टाबाहेर काढून मुठीत धरलं.

चारुदत्तने मुग्धाचा हात धरला. कितीतरी दिवसांनी धरला होता. तो गरम होता, घामेजलेला होता, आणि तिने लगेच आपली बोटं त्याच्या बोटांत अडकवली.  दोघं बोरीखाली गेली. त्याने नारळ ठेवला, आणि काकांनी सांगितलं तेवढंच, एक शब्द इकडेतिकडे न करता, तो म्हणाला.

"आमी आमच्या वाटेक. तू तुझ्या जाग्यार."

वारा पडला. इतका वेळ पानांचा आवाज चालू होता हे तो थांबल्यावर कळलं. अंगावरून कुणीतरी मोठं ओझं उतरवून घ्यावं तसं त्याला वाटलं, डोळे भरून आले, आणि जन्मभर देवापुढे गाऱ्हाणं संपलं की जे करत आला होता तेच त्याने केलं. डोळे मिटले, दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले.

श्वासभराचाच वेळ. मग काकांचं सांगणं आठवून त्याने दचकून डोळे उघडले. मुग्धा शेजारीच उभी होती, जिथल्या तिथे. त्याने झटकन तिचा हात पकडला. हात गार होता.

"झालं?" गाडीपासून अनुराधाने हाक मारली.

"झालं," तो म्हणाला. "खलास."

परतीच्या वाटेवर मुग्धा मागच्या सीटवर शहाण्यासारखी बसून होती. धैदच्या जवळ लेस्टरने गाडी थांबवून सगळ्यांना कडक चहा पाजला, मुग्धाला ज्यूस दिला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी कुणाची तरी टिंगल केली. दिवस मावळायच्या सुमाराला ते टॉवरखाली उतरले. लेस्टर हात हलवून गेला. आणि पार्किंगच्या कडेला ठेचकाळून मुग्धा दाणकन आपटली.

गुडघा फुटला होता. रक्त आलं, चांगलं लालभडक, पोटरीवरून ओघळलं. अनुराधा तिथेच खाली बसली, एका हाताने पोरीला छातीशी घट्ट धरलं, आणि रडत, हसत, "पडली रे, चारू, पडली!" असं वेड्यासारखं म्हणत राहिली. वॉचमन खैरुद्दीन धावत आला आणि त्या दोघांची तोंडं बघून गोंधळून गेला. पोरगी पडली म्हणून आनंदाने रडणारे आईबाप त्याने कशाला पाहिले असतील!

वर आल्यावर अनुराधाने मुग्धाला सोफ्यावर बसवलं, डाव्या हाताने कसाबसा डेटॉलचा बोळा केला आणि जखम पुसली. एरवी डेटॉलची बाटली दिसताच घर डोक्यावर घेणारी पोर गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. तिने खोली पाहिली. भिंतीवरचा फोटो पाहिला. पट्टी लावून झाली तेव्हा, दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर कसं बोलायचं हे नीट शिकवलेल्या मुलीसारखी ती हसली.

"थँक यू, आंटी," ती म्हणाली. "हू विल ड्रॉप मी होम?"

बोळा अनुराधाच्या हातातच राहिला. बाल्कनीबाहेर समोरच्या टॉवरमधले दिवे एकेक करून लागत होते. डोंगरात एव्हाना अंधार पडला असेल, एवढंच चारुदत्तच्या मनात आलं.