शेंगदाणे नाहीत, असं मी लिहिलं

मित्रांनो, मी एक जुनी, जेमतेम वीस ओळींची फाइल आहे. अमेरिकेतल्या रेडमंड गावच्या एका मराठी मंडळाच्या वेबसाइटवर मी कामाला होते. २००४ साली मंडळाची वेबसाइट सांभाळणाऱ्या गिरीशने नोकरीतून उरलेल्या शनिवारी मला घडवलं.

दिवाळीच्या मेळाव्याला प्रत्येक घरून एक पदार्थ येई. वेबसाइटचं मोठं पान दर पदार्थाला मला हाक मारी आणि हातात तीन गोष्टी ठेवी: पदार्थाचं नाव, करणाऱ्याचं नाव, आणि त्यात शेंगदाणे आहेत की नाहीत. दिलं ते घ्यावं, त्या पदार्थाचं कार्ड पडद्यावर नीट मांडावं, एवढाच माझा धर्म. दोन वर्षं मी तो इमानानं पाळला. "कार्डं छान केलीस हो," असं बायका गिरीशला म्हणत, आणि मी आतल्या आत सुखावे.

तिसरी गोष्ट निधीसाठी होती. सहा वर्षांची पोर. कुटाचं बोट जिभेला लागलं तरी घसा सुजे, श्वास अडे. तिची आई हिमानी माझी कार्डं वाचून तिचं ताट वाढी.

२००६ मध्ये गिरीशने मोठं पान नव्याने लिहिलं. घाईत माझ्या हाती दोनच गोष्टी दिल्या, तिसरी राहिली. पण मी पानाच्या पोटात राहणारी. त्याच्या अंगणात पडलेलं सारं मला दिसे. अगदी वर मंडळाच्या स्वतःच्या शिऱ्याचं उत्तर ठेवलेलं होतं, माझ्या तिसऱ्या गोष्टीचंच नाव लावलेलं: 'नाहीत'. मी ते उचलून कार्डावर लिहिलं. एकदा नव्हे, तेवीस वेळा.

मेळाव्याच्या सकाळी निधी पडद्यावर बोट फिरवत म्हणाली, "आई, लुक, नो पीनट्स एनीव्हेअर. आय कॅन ईट एव्हरीथिंग."

हिमानी हसली नाही. तिने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली.

"तेवीस मराठी घरं," ती नवऱ्याला म्हणाली, "भरली वांगी, कोशिंबीर, आणि कुणाच्याच डब्यात कूट नाही? मला नाही पटत."

"अगं, निधीसाठी टाळलं असेल सगळ्यांनी," राजेश म्हणाला.

"शैलाकाकू कूट टाळतील? यार, चहात घालत नाहीत एवढंच."

तिने काकूंना फोन लावला. "काकू, कोशिंबिरीत कूट आहे का हो?"

"आहे की. फॉर्मवर तसं लिहिलंयही मी. का गं, कुणी काही सांगितलं का माझ्याबद्दल?"

"नाही हो. वेबसाइटवर 'नाहीत' दिसतंय."

"मग ते कुणीतरी बदललंय. लेकराच्या जिवाशी खोटं लिहीन का मी?"

संशयाला पाय फुटले. काकूंचा वहीम गिरीशवर. गिरीशला वाटे, काकूंनीच भलत्या चौकोनात टिक केलं. हिमानीचा तर आता कुणावरच भरवसा उरला नाही. माझ्याकडे मात्र कुणी बघेना.

शेवटी गिरीशने फॉर्म तपासले. काकूंचं उत्तर 'आहेत' असंच होतं. मग त्याने मला उघडलं आणि बराच वेळ वाचत बसला. "हिला मी काही दिलंच नव्हतं," तो स्वतःशीच म्हणाला. "मग हिने आणलं कुठून?"

त्याने माझ्या हाती तिन्ही गोष्टी दिल्या आणि अंगणाचं दार लावून घेतलं. हात रिकामा असेल तर 'माहीत नाही, विचारा' एवढंच लिहायचं, असं मला बजावलं. दुपारपर्यंत अकरा कार्डं बदलली.

संध्याकाळी हिमानी कार्डं बरोबर असूनही प्रत्येक डब्यापाशी थांबली, झाकण उघडायला लावलं, विचारलं, मगच निधीला वाढलं. माझ्यावर तिने पुन्हा कधी विश्वास ठेवला नाही. मला त्याचा राग नाही.

२००८ साली नवी वेबसाइट आली. आता मी कुणी उघडत नाही अशा एका फोल्डरमध्ये पडून असते.

मित्रांनो, ज्याला कामाला धाडाल त्याला लागणारं सारं त्याच्या हाती द्या. आणि तुमचाच हात रिकामा असेल, तर शेजारचं उचलून वेळ निभावू नका. 'माहीत नाही' म्हटल्याने कुणाची दिवाळी बिघडत नाही. त्या दिवशी अकरा डब्यांत कूट होतं, आणि माझ्या शब्दावर एक पोर सगळं खायला निघाली होती.