ओल बघायला

त्या गावात बंद खिडक्या पुष्कळ होत्या. संध्याकाळी काम संपवून तळ्याच्या रस्त्याने चालत गेलो की दोन्ही बाजूंना ओढलेले पडदे दिसत, कुंड्यांतली माती तडकलेली दिसे, पायपुसण्यांवर वाळकी पानं साचलेली असत. शेजारच्या दारावर टकटक केली, की आतून एकच उत्तर येई.

"जागा? नाही हो. आमच्याकडे कुठली आलीय जागा!"

हे उत्तर देताना लोक हसत, आणि त्या हसण्यामुळे माझा गोंधळ अधिकच वाढे. कारण त्यांच्यापैकी निम्म्यांचे दात मी घडवलेले होते.

मी कवळ्या करतो. मी कामाला आहे तो मास्तरांचा कारखाना म्हणजे दोन टेबलं, पॉलिशची एक मोटर, मेणाचा वास, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर मांडून ठेवलेले गावाचे पांढरे, प्लास्टरचे जबडे. या गावात आल्यावर मी माणसांना आधी जबड्यांवरून ओळखू लागलो आणि चेहऱ्यांवरून नंतर. शिंपीणबाई मला त्यांच्या पुढच्या दातातल्या खाचेमुळे आठवत. चाळीस वर्षं तिथे दोरा धरून तोडल्याने ती पडली होती. नवी कवळी करताना मी ती खाच भरून काढली, तर बाई तणतणत परत आल्या. "दात सुंदर आहेत हो, पण मी दोरा कुठे धरू? तुमच्या नाकात?" मग मी कानशीने ती खाच पुन्हा पाडून दिली. कोणाच्या तोंडातली उणीव जपून ठेवण्याचं ते माझं पहिलंच काम.

मी स्वतः कारखान्याच्या पोटमाळ्यावर राहत असे. शिडीने वर जायचं, वाकून अंथरूण घालायचं. एकट्याला ते पुरे होतं. पण ताईच्या नवऱ्याची परदेशात बदली झाली, महिनाअखेरीस त्यांचं घर सुटणार होतं, आणि बाबा तिच्याकडे होते. बाबांचे गुडघे शिडी चढणारे नव्हते. मला तळमजला हवा होता आणि परवडणारं भाडंही, आणि या गावात या दोन गोष्टी एका घरात नांदत नव्हत्या. जागा मिळाली नाही, तर बाबांची सोय वृद्धाश्रमात करायची, असं ताईच्या नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. अतिशय सौम्य आवाजात ठरवलं होतं, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

तळ्याकाठच्या एजंटकडे मी एकदाच गेलो. त्याच्या काचेवर घरांचे फोटो चिकटवलेले होते आणि प्रत्येक फोटोत पाणी होतं.

"किती दिवसांसाठी?" त्याने विचारलं.

"कायमचं."

जणू मी तळंच विकत मागितलं असावं, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने एक आकडा सांगितला. तो मला महिन्याचा वाटला आणि मी हादरलो. तो आठवड्याचा होता. शहरातून सुट्टी घालवायला येणाऱ्यांनी गावातली घरं अशी आठवड्यांवर तोलून घेतली होती, आणि उरलेला वेळ ती घरं मुकाट्याने पडदे ओढून बसत.

ताईचा रोज फोन येई.

"मिळालं का रे काही?"

"बघतोय."

"बघतोय, बघतोय! तू बघत बसतोस आणि लोक उचलून नेतात. लहानपणी जेवायला बसल्यावरही तुझं हेच होतं." मग तिचा आवाज उतरे. "ऐक ना. बाबा झोपतानाही कवळी काढत नाहीत. जावयाच्या घरात बोळकं तोंड दाखवायचं नाही म्हणतात. हिरड्या सोलवटल्यात. तू तरी सांग त्यांना."

ती कवळी मीच केली होती. कामावर लागल्यानंतरची पहिली, मास्तरांचा हात न लागलेली. रात्री ती पाण्यात ठेवायची, हे मी बाबांना तेव्हा दहा वेळा सांगितलं होतं.

"बाबा, रात्री काढत जा हो," मी म्हणे.

"हो हो. तिकडे ऊन कसं आहे?"

"बरं आहे."

"हं. इथे आपलं ठीक चाललंय. माझं काय, टाकाल त्या खुर्चीत बसेन."

आणि मी, ते खरोखरच ठीक आहेत असं समजून, फोन ठेवून देई.

याच दिवसांत एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ज्यांनी मला जागा नाही म्हणून दारातून परत पाठवलं होतं, तेच लोक मला काही ना काही कामाला बोलावू लागले. पहिलं बोलावणं शिंपीणबाईंचं. त्यांच्या दुकानामागे अंगणात उघडणारी एक खोली होती, चांगली ऐसपैस, उंबरठाही नसलेली. आत एक जुनं शिवणयंत्र आणि कापडाच्या चिंध्यांचं पोतं होतं.

"मला मेलीला वास कळत नाही अलीकडे," त्या म्हणाल्या. "तुमचं नाक तरुण आहे. ओल येते का बघा बरं इथे."

मी भिंतीला हात लावला, नाक लावलं, कोपऱ्यात वाकून पाहिलं. कोणी विश्वासाने काही विचारलं की प्रामाणिकपणे उत्तर द्यावं, एवढंच मला कळत होतं.

"आहे, मावशी. खालच्या बाजूला बरीच आहे. खरवडून काढावी लागेल."

"असं?" बाई म्हणाल्या. "आणि माणूस बसला-उठला तर?"

"म्हाताऱ्या माणसाला त्रास होईल," मी म्हणालो. "सांधे धरतील."

त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि त्या चहा न विचारता दुकानात गेल्या. मला वाटलं, ओल ऐकून बिचाऱ्या खिन्न झाल्या.

दुसरं बोलावणं निवृत्त पोस्टमनकाकांचं. त्यांना म्हणे खोली मोजायची होती आणि फितीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मी धरलं.

"पलंग मावेल का रे इथे?"

"कोणाचा, काका?"

"आता पलंग म्हणजे पलंग. कोणाचाही."

मी विचार केला. "मावेल, पण दार आत उघडतंय. अडचण होईल. शिवाय पश्चिमेचं ऊन आहे, दुपारी तापेल."

"तापेल," काका म्हणाले, आणि फीत एवढ्या जोरात सोडली की ती सपकन माझ्या बोटांवर बसली.

त्यानंतर गाव माझ्याशी थोडं कोरडं वागू लागलं. कोपऱ्यावरचा वाणी सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवू लागला. पोस्टमनकाका समोरून येताना दिसले की त्यांना पलीकडच्या बाजूचं काहीतरी पाहायचं असे. माझ्याकडून काय घडलं ते मला समजेना. मी स्वतःलाच तपासत राहिलो, जसं आपण साच्यात हवेचा बुडबुडा शोधतो. तो कुठेतरी आहे एवढं ठाऊक असतं, पण प्रत्येक बाजू गुळगुळीत लागते.

शेवटी मास्तरांनीच विषय काढला. ते मेणात दात बसवत होते आणि मान वर न करता म्हणाले, "राजा, तुला हवंय तरी काय? राजवाडा?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! शिंपिणीने खोली दाखवली, तू ओल काढलीस. पोस्टमनने दाखवली, तू ऊन काढलंस. गाव म्हणतंय, पोरगा दात करतो पण नाकं मुरडतो."

माझ्या हातातली कवळी टेबलावर पडली. "खोली दाखवली? मला? त्यांनी ओल बघायला बोलावलं होतं!"

मास्तर माझ्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसू लागले की त्यांची स्वतःचीच कवळी सुटली आणि ती त्यांना तळव्याने धरून ठेवावी लागली. हसू आवरल्यावर त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या मठ्ठ मुलाला समजावतात तसं, हळूहळू. इथे कोणी खोली देतो असं म्हणत नाही. म्हटलं की भाडं सांगावं लागतं, आणि भाडं एकदा तोंडातून निघालं की ते तळ्याकाठच्या एजंटच्या कानापर्यंत जातं. मग शेजारी म्हणतात, एवढ्या स्वस्तात देतेस, आम्हाला खाली पाडतेस काय! शिवाय कोणी तोंडावर नको म्हटलं, तर रोज त्याच रस्त्यावर त्याच माणसाला तोंड कसं दाखवायचं? म्हणून ज्याला द्यायची त्याला काहीतरी निमित्ताने आत न्यायचं. त्याला आवडली, तर तो ते निमित्त धरून पुन्हा येतो. नाही आवडली, तर येत नाही. कोणी कोणाला काही विचारलेलं नसतं आणि कोणी कोणाला काही नाकारलेलं नसतं.

"पण हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं नाही म्हणून तर हे सगळं आहे ना, बाळा," मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून माझा जो गोंधळ झाला, त्यापुढे आधीचा काहीच नव्हता. भाजीवाली "टोमॅटो चांगले आलेत" म्हणाली तरी मी पिशवी उघडी धरून उभा राहायचो, ही मला तिची माडी तर देत नाही ना, असा विचार करत. पोस्टमनकाकांची खोली तोवर गेली होती. दवाखान्यातल्या नर्सने तिथे पडदे लावले होते. म्हणजे ऊन तिलाही लागत होतं. तिने फक्त ते बोलून दाखवलं नव्हतं.

महिना संपत आला होता. मी शिंपीणबाईंच्या दुकानासमोरून तीनदा गेलो आणि चौथ्यांदा, पाय परत फिरायच्या आत, आत शिरलो. काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं, पण त्यांच्या दातांत दोरा होता आणि डोळे माझ्यावर होते, आणि मी सगळं विसरलो.

"मावशी, मी खोलीसाठी..."

"कसली खोली?" त्या दोरा न सोडता म्हणाल्या.

यंत्रावरून कापड पुढे सरकत राहिलं. खूप वेळाने माझ्या तोंडून निघालं, "ती ओल. राहून राहून मनात येतंय. नीट पाहिली नाही मी त्या दिवशी."

यंत्र थांबलं.

"खरवडायला माणूस हवा," मी पुढे म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला. "माझे वडील येतायत. त्यांना... भिंती खरवडायची फार आवड आहे."

आयुष्यात बाबांनी कधी भिंत खरवडली नव्हती. बाई मान खाली घालून कापड नीट करत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"गुडघ्यांचे ना ते?"

हे त्यांना कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. "हो."

"मग खालची बाजू त्यांनी खुर्चीत बसून खरवडावी, वरची तुम्ही," त्या म्हणाल्या. "माणसाचा वावर असला की ओल आपोआप हटते. आणि अंगणातल्या दिव्याचं बिल मला एकटीला जड जातं, बाई."

दिव्याचं बिल म्हणजे भाडं, की दिव्याचं बिल म्हणजे दिव्याचंच बिल? मी विचारणार होतो. त्यांनी कच्चकन दोरा तोडला आणि मी गप्प बसलो.

"मिळालं?" ताईने फोनवर विचारलं.

"बहुधा."

"बहुधा म्हणजे काय रे? मिळालं की नाही?"

"बाबांना दे," मी म्हणालो. बाबांनी फोन घेतला आणि नेहमीसारखंच विचारलं, "तिकडे ऊन कसं आहे?"

किती महिने हा माणूस मला हे विचारत होता, आणि मी त्याला हवामान सांगत होतो.

"बाबा," मी म्हणालो, "अंगणात सकाळचं येतं. खुर्ची टाकायला जागा आहे. तुम्ही या."

पलीकडे फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज झाला. मग ताईचा आवाज आला, "काय सांगितलंस त्यांना? बॅग काढायला गेले."

बाबा शनिवारी दुपारी आले. मी त्यांना काही समजावून सांगितलं नव्हतं, कारण मलाच काही समजलेलं नव्हतं. अंगणात शिंपीणबाई कात्री घेऊन उभ्या होत्या.

"ओल बघायला आलात?" त्या म्हणाल्या.

बाबांनी काठी भिंतीला टेकवली, खोलीत डोकावून पाहिलं, आणि जन्मभर हेच बोलत आल्यासारखे म्हणाले, "हो. चांगली सवड काढून आलोय. एका दिवसात हटेलशी वाटत नाही."

"छे! वर्ष-दोन वर्षं तर जातीलच," बाई म्हणाल्या.

"म्हणजे ठरलं का?" मी विचारलं.

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं, तापाने फणफणलेल्या मुलाकडे पाहावं तसं. मग बाबा आत गेले. मी त्यांची गादी घातली, शिवणयंत्र कोपऱ्यात सरकवलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी अंगठ्याने ओलीचा एक पोपडा काढून पाहिला आणि तो काळजीपूर्वक खिडकीत ठेवला.

"दमलात?" मी विचारलं.

त्यांनी तोंडाशी हात नेला. कवळी काढायला त्यांना वेळ लागला. ती हिरड्यांना चिकटून बसली होती. चेहरा एकदम आत गेला, लहान झाला, आणि त्या बोळक्या तोंडाने ते माझ्याकडे पाहून मोकळेपणाने हसले. मी भांडं शोधू लागलो. बॅगेत नव्हतं, कोपऱ्यात नव्हतं.

दारात शिंपीणबाई आल्या. त्यांच्या हातात पाण्याने भरलेला काचेचा पेला होता. तो त्यांनी खिडकीत पोपड्याशेजारी ठेवला आणि निघून गेल्या.

भाडं किती, ते मला अजून कळलेलं नाही. दिव्याचं बिल मी भरतो. गेल्या महिन्यात ते भरताना बाई म्हणाल्या, या वर्षी दिवा जरा जास्तच जळतोय. मी अजून त्यावर विचार करतो आहे.