कपाटामागची काच

काचेची पट्टी बोटाएवढी, दोन्ही टोकांना प्लास्टरचे ठिपके लावून भिंतीला चिकटवलेली, आणि तिच्याखालून – वरून खाली, वाकडीतिकडी – भिंतीची भेग गेलेली. अशी पट्टी तिने आजवर फक्त घरामागच्या कड्यावर पाहिली होती, आईबरोबर, हेल्मेट घालून. दगडातल्या भेगेवर आडवी काच लावायची. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकते. आईचं कामच ते, भूवैज्ञानिकाचं. पण हे घर आहे, ही माझी खोली आहे, आणि मी कपाट ओढलं ते हरवलेला डूल शोधायला!

आणि काच तडकलेली होती.

आत्ता? कपाट सरकताना एवढं करकरलं की पलीकडून दादा ओरडला, "भाषणसम्राज्ञी, घर पाडतेस की काय?" आणि दार आपटून क्रिकेटला निघून गेला. त्या करकरीत काचेचा बारीक आवाज विरला असेल... किंवा आवाज झालाच नसेल, काच आधीच – रात्रीच –

म्हणजे झुरळ नव्हतंच. गेला आठवडाभर आई कामावरून आली की बॅटरी घेऊन थेट कपाटामागे डोकावते, "झुरळ दिसलं होतं गं," आणि मी, झुरळाच्या नुसत्या नावाने पलंगावर उभी राहून नाचणारी येडी! पलंगसुद्धा आईनेच दारापाशी हलवला. उजेड येतो म्हणे. दारापाशी कुठला आलाय उजेड?

खिडकीत कडा उभा होता, उन्हात पांढराफटक, साळसूद. याच्यावरच्याच भाषणाने तिने सगळी शाळा जिंकली होती. हजेरीलाही पुटपुटणारी मुलगी मंचावरून ठणकावून सांगत होती – ही चुनखडी एकेकाळी समुद्राच्या तळाचा चिखल होती. मग जमीन ताणली गेली, थरांना तिरप्या भेगा पडल्या, एक बाजू खचली. आणि कोट्यवधी वर्षांनी बाजूने असा रेटा आला की ती खचलेली बाजू त्याच जुन्या भेगांवरून वर चढली, म्हातारा दगड तरुण दगडाच्या उरावर जाऊन बसला, आणि त्याची झिजलेली, तुटकी कड म्हणजे आपला हा कडा! "जुनी वाट तयार असताना नवी कोण खणणार? दगडसुद्धा आळशी असतो!" – वाक्य आईचं, टाळ्या लेकीला. आणि शेवटी छाती पुढे काढून, "तो रेटा कधीच संपला. कडा आता हलत नाही." हेही आईचंच. उद्या तेच भाषण कड्याखाली राहणाऱ्या सगळ्या पालकांपुढे करायचं होतं. बाईंनी मुद्दाम निवडलं होतं तिला.

आईचंच... पण आई ते बोलली तेव्हा भांडी घासत होती ना? पाठमोरी. म्हणजे चेहरा मी पाहिलाच नाही.

तिने कपाट जागच्या जागी लोटलं. सरळ विचारावं? विचारलं तर आई हसेल, केसांतून हात फिरवेल, आणखी एखादं झुरळ सोडेल. आईला इतकं सहज खोटं बोलता येतं, मग तिचं खरं ओळखायचं कशावरून?

संध्याकाळी आई आली. बुटांवरची पांढरी धूळही न झटकता खोलीत. कपाटामागे बॅटरीचा झोत गेला. थांबला. फार वेळ थांबला.

"पिल्लू," आईने मान वळवली नाही, "कपाट हलवलंस का तू?"

हो म्हटलं की संपलं. आई सुस्कारा टाकेल, दुसरी काच लावेल, जेवायला हाक मारेल – आणि मला काही म्हणजे काही कळणार नाही, आणि उद्या मी माईकपुढे...

"नाही."

"जरासुद्धा? आठवून सांग, बाळा."

"नाही गं. कशाला हलवू?"

आई वळली. हाच चेहरा तिला हवा होता, आणि आता तो समोर होता तर त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो तिला आईचा वाटेना. वर्गातल्या एखाद्या मुलीचा वाटला, जिला भर वर्गात उत्तर आलेलं नाही. आईचा हात भिंतीपर्यंत गेला आणि न टेकताच परत आला.

"नक्की ना?"

"नक्की," ती म्हणाली – आणि स्वतःच दचकली. मंचावर, इतका सराव करूनही, शेवटच्या वाक्याला तिचा आवाज किंचित कापला होता. आत्ता नाही कापला.