ती हळद नव्हती

मी कॉफीचा फिल्टर बोलतोय. पितळेचा, दोन मजली, तमिळ मुलखातल्या कुंभकोणमचा. वरच्या भांड्यात पूड आणि कढत पाणी, खालच्यात थेंबथेंब उतरणारा कॉफीचा दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन. थोडी घमेंड आहे मला, ती माफ करा. हमरस्त्यावरची प्रत्येक टपरी ज्या गावाच्या कॉफीचं नाव पाटीवर मिरवते, त्या गावचा मी.

गोमतीच्या लग्नात कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम्‌हून तिच्या माहेरचा आहेर म्हणून मी या घरी आलो. घर मराठी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आले, ते त्यांनाही धड सांगता येत नाही. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत जुन्या वळणाची मराठी. तिचे यजमान रघुराम गणिताचे मास्तर, आता निवृत्त. त्यांना कॉफी उजाडायच्या आत लागते आणि ती गोमतीच्याच हातची लागते.

माझे दोन भाग एकमेकांत घट्ट बसतात. उघडायचं म्हणजे एका हातानं खाली धरायचं आणि दुसऱ्यानं वर पीळ द्यायचा. गोमती ते बोलता बोलता करायची. मग हळूहळू पहाटे तिची बोटं आखडलेली राहू लागली. डाव्या हाताची करंगळी मुळापासून टोकापर्यंत सुजली. ती मला पोटाशी धरून ओढायची, पदरात गुंडाळून पिळायची, शेवटी कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. कॉफीला उशीर होऊ लागला.

"आळस भरला तुझ्या अंगांत," रघुराम पेपरामागून चिडवायचे.

"होय तर. म्हातारी झालें मी," ती हसून म्हणायची. मला मात्र हसू येत नव्हतं.

औषधं नव्हती असं नाही. डोक्यात खवले धरायचे, त्यासाठी कातडीच्या डॉक्टरांचं मलम. बोटांसाठी हाडांच्या डॉक्टरांच्या गोळ्या. याची त्याला खबर नाही, त्याची याला नाही. त्यात गोमतीला कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "कोंजम." कोंजम म्हणजे तमिळमध्ये थोडंसं. दुखतं का? कोंजम. सूज आहे? कोंजम. एवढ्यावर कोण काय ओळखणार?

नखांचं तर कुणी नावच काढलं नाही. ती पिवळी पडली होती. पण शुक्रवारी हळद लावून न्हाणाऱ्या घरात पिवळं नख म्हणजे हळदच. गोमतीला तसं वाटलं, रघुरामांना वाटलं आणि खरं सांगायचं तर मलाही.

एके सकाळी मी तिच्या हातून निसटलो. कढत डिकॉक्शन पायावर सांडलं. ती तिथंच बसली आणि हुंदके देऊन रडली. रघुराम पेपर टाकून धावत आले. ती भाजल्यामुळे रडत नव्हती.

"बोटें मिटेनात माझीं. उद्यां वेणी घालवेना, घास उचलवेना, मग काय करूं मी?"

चौकशी करता करता एक दवाखाना कळला. तिथं सांध्यांच्या डॉक्टर सुप्रजा आणि कातडीचे डॉक्टर एकाच दिवशी, एकाच खोलीत बसतात. त्यांचा आधीच निरोप असतो, की हाताला जी वस्तू दाद देत नाही ती घरून घेऊन या. म्हणून मी पिशवीत बसून दवाखान्यात गेलो.

"कसं आहे, अम्मा?" सुप्रजांनी तमिळमध्ये विचारलं.

"कोंजम."

त्यांनी वाद घातला नाही. मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "उघडा पाहू."

गोमतीनं मला धरलं, पीळ दिला. ढिलं पडायचा मी मनापासून प्रयत्न केला, पण जमलं नाही. तिचे डोळे भरून आले. सुप्रजांनी तिची नखं निरखली आणि साबणानं हात धुवून यायला सांगितलं. हात स्वच्छ झाले, नखं पिवळीच राहिली. त्यांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत होते.

"ही हळद नाही, अम्मा."

मग त्यांनी तिचा गजरा अलगद बाजूला केला आणि कानामागचे खवले शेजारच्या डॉक्टरांना दाखवले. दोघं थोडा वेळ आपसात बोलले. "डोक्यातलं आणि बोटांतलं दुखणं एकच आहे," सुप्रजा म्हणाल्या. "सोरायसिसमुळे होणारा संधिवात. औषधानं आवरता येईल."

"आधी आलो असतो तर?" रघुरामांनी हळूच विचारलं.

"करंगळी वाकडी होण्यापासून वाचली असती."

परतीच्या बसमध्ये रघुराम मला मांडीवर घेऊन बसले होते. घराचं दार उघडताना म्हणाले, "मी तुज आळशी म्हणत होतों, गोमती."

"मीही तर तेंच म्हणत होतें," ती म्हणाली.

आता औषध चालू आहे, अधूनमधून रक्त तपासतात. दर खेपेला सुप्रजा विचारतात, या महिन्यात कोणतं काम जमलं नाही? आणि गोमती सविस्तर सांगते. बहुतेक सकाळी ती मला स्वतः उघडते. नाही जमलं तर हाक मारते आणि मास्तर उठून येतात.

पडलो तेव्हा मला चांगलाच पोचा आला होता. रघुरामांनी मला तांबटाकडे नेलं, बऱ्याच दिवसांनी, सवडीनं. त्यानं आतून लाकडी हातोडीनं ठोकून मला पूर्वीसारखं गोल केलं. गोमतीच्या करंगळीला ती सोय नाही. ती वाकडी झाली ती झालीच.

तुमच्याही घरात पहाटे कुणाची बोटं आखडत असतील, तर वयावर आणि आळसावर ढकलू नका. भांडं उद्या नेलं तरी चालतं. माणसाला आज न्या.